प्रेमानंदच्या सायकलची लोड टेस्ट

जगात न्याय असेल-नसेल, गुरुत्वाकर्षण मात्र आहे, आणि ते सर्वांना सारखं आहे. ते जात बघत नाही, पगार बघत नाही, कोण ऑफिसर आणि कोण मजूर हे विचारत नाही. जो वर गेला त्याला एकाच नियमाने खाली आणतं. समतेचा एवढा स्वच्छ कायदा माणसांना करता आला नाही, तो निसर्गाने करून ठेवला, असं माझं कित्येक वर्षांचं मत होतं.

भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात प्रेमानंद खोब्रागडे एका सायकलवर बसला, तेव्हा ते मत मला सोडावं लागलं. सायकलने भेद केला.

प्रेमानंद आमच्या शेजारच्या क्वार्टरात राहतो. सहा फूट तीन इंच उंच, एकशे अठ्ठावीस किलो वजन, आणि आवाज इतका हळू की किराण्याच्या दुकानात त्याला प्रत्येक जिन्नस दोनदा मागावा लागतो. पोलादाच्या प्लांटमध्ये तो क्रेन चालवतो. क्रेन म्हणजे रस्त्यावरची नव्हे. शेडच्या छताखाली रुळांवर धावणारी, जिच्या केबिनमध्ये लोखंडी जिना चढून जावं लागतं आणि जिच्या हुकाला लॅडल टांगलेली असते. लॅडल म्हणजे पळी. आपल्या पळीत वरण असतं, त्या पळीत शंभरावर टन पातळ पोलाद असतं. ती पळी शेडच्या या टोकापासून त्या टोकाला, एक थेंब न सांडता नेणं हे त्याचं काम. घरी त्याला चहाचा कप टेबलापर्यंत न सांडता नेता येत नाही, असं सत्यशीला म्हणते. सत्यशीला त्याची बायको. ती पुराव्याशिवाय बोलत नाही.

पावसाळा सरताना त्याचं मेडिकल झालं. क्रेनवाल्यांचं दरवर्षी होतं. डॉक्टर ममता मॅडमनी त्याला दवाखान्याचा जिना चढवला, उतरवला, पुन्हा चढवला, आणि तिसऱ्यांदा चढायला सांगितलं तेव्हा तो मधल्या पायरीवर बसला. क्रेनवाल्याला वर केबिनमध्ये धाप लागली तर खाली काय होईल, हे मॅडमनी त्याला सांगितलं नाही. त्याला ते त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी एवढंच लिहिलं की तीन महिने केबिन बंद, तोवर टूल रूममध्ये काम, तीन महिन्यांनी फेरतपासणी. तेव्हाही असंच निघालं तर कायमचं खाली.

घरी येऊन तो काही बोलला नाही. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो एरवीही बोलत नाही. लक्षात आलं ते दोन-तीन दिवसांनी, त्याने दुसरी पोळी घेतली नाही तेव्हा.

"भाऊजी, तुमी जरा समजावा ना त्याइले," सत्यशीला भिंतीपलीकडून मला म्हणाली. "टूल रूममधी पाने-हातोडे मोजत बसते दिवसभर. पत्र्यापलीकडे याइचीच क्रेन चालते, दुसरा पोट्टा चालवून राहिला. घंटीचा आवाज आला का हे डोळे मिटते. मले म्हणते, त्यानं ब्रेक जोरात मारला. जेवतानाही हात असे हलवते." तिने दोन हात पुढे करून हवेतले दांडे हळूच ओढून दाखवले. "हा माणूस तिथं एक साल काढत नाई."

मॅडमनी उपायही सांगितला होता. पायी चालू नका, गुडघे जातील, सायकल चालवा. उपाय सोपा होता. अडचण एवढीच की प्रेमानंद आयुष्यात कधी सायकलवर बसला नव्हता. भिलाईत जन्मलेला, बाप प्लांटमध्ये सायकलने गेलेला, आणि मुलाला सायकल येत नाही, हे ऐकून लोक हसतात. पण त्याच्या बापाला शिकवायला सवड मिळाली तोवर तो बापाहून उंच झाला होता. मग राहूनच गेलं. पुढे तो क्रेनवर लागला. त्याच्या क्रेनला आठ चाकं आहेत. ज्याला आठ चाकांची सवय झाली त्याला दोन चाकं हा हलगर्जीपणा वाटतो. ड्यूटीला तो शेअर ऑटोने जातो. तीन चाकं म्हणजे तडजोड.

त्याची मुलगी करिष्मा कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिने सगळा शोध मोबाईलवर लावला. "पप्पा, साधी सायकल नाही चलेगी. पतले टायर हैं. माउंटन बाइक घेऊ आपण, मोटे टायर, मजबूत फ्रेम. और आपकी हाइट के लिए एक्स्ट्रा लार्ज." मग तिने बापाला भिंतीला टेकवून उभं केलं, त्याच्या दोन्ही पायांमध्ये एक जाड पुस्तक वर सरकवलं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या कडेपर्यंत पायाचं माप घेतलं. सायकलची फ्रेम या मापावर ठरते. प्रेमानंद छताकडे बघत उभा होता. मेडिकलमध्येही त्याने एवढं सहन केलं नव्हतं.

तर त्या संध्याकाळी आम्ही सुपेल्यात नरेश साहूच्या दुकानात गेलो. मी बुजुर्ग म्हणून बरोबर. नरेशने पहिल्यांदा जी काढली ती गाडी दिसायला झकास होती, पुढे धक्के झेलणारा मोठा शॉकर, हिरवे पट्टे. प्रेमानंद तिच्यावर टेकला. पुढचा शॉकर पूर्ण खाली बसला आणि परत वर यायचं विसरला. गुडघे हँडलला लागले. मिटून भिंतीशी ठेवलेल्या लोखंडी कॉटसारखा तो दिसत होता.

"थोड़ा सीट ऊपर करबो," नरेश म्हणाला. "फिर देखव न भैया, एकदम हीरो."

प्रेमानंद ऐकत नव्हता. तो मान वाकवून फ्रेमच्या खालच्या नळीवर चिकटवलेला छोटा स्टिकर वाचत होता. तो उतरला. सायकल त्याने दोन बोटांनी, दुसऱ्याची वस्तू परत करावी तशी, स्टँडवर लावली.

"हिच्यावर शंभर किलो लिहून हाय," तो म्हणाला.

"अरे, वो तो लिखना पड़ता है," नरेश म्हणाला.

आम्ही सगळे एकदम नरेशकडे वळलो. नरेशला कळेना की तो काय बोलला. प्लांटमधल्या माणसापुढे हे वाक्य बोलायचं नसतं. प्रत्येक क्रेनच्या अंगावर मोठ्या अक्षरात तिची ताकद रंगवलेली असते, आणि प्रत्येक अपघाताच्या चौकशीत कोणीतरी सांगतो की साहेब म्हणाले होते, ते तर लिहावं लागतं. अनेक वर्षांपूर्वी एका घाईतल्या साहेबाने प्रेमानंदला क्रेनवर लिहिलेल्यापेक्षा थोडं जास्त उचलायला सांगितलं होतं. प्रेमानंदने घंटी वाजवली, खाली उतरला आणि डबा उघडून जेवायला बसला. साहेब ओरडत राहिला. प्रेमानंदने त्याला लोणचं हवं का विचारलं.

"मी एकशे अठ्ठावीस हाय," प्रेमानंद म्हणाला. "शंभराच्या गाडीवर मी बसत नाई."

"तो पहले वजन कम कर लो, फिर बैठना," नरेश हसला.

"वजन कमी करायलेच पाह्यजे सायकल."

"तो बैठो ना."

"वजन जास्त हाय ना."

हे संभाषण असंच गोल फिरत राहिलं असतं, पण नरेशच्या लक्षात आलं की समोरचा माणूस थट्टा करत नाहीये. मी प्रेमानंदच्या चेहऱ्याकडे पाहिलं. फेरतपासणीकडे दिवस सरकत होते, आणि तिच्याकडे जायच्या एकुलत्या रस्त्यावर एक छोटा स्टिकर लावलेला होता.

करिष्मा हट्टी. तिने पुन्हा मोबाईल काढला. मागे शॉकर नको, पुढचाही नको, पुढचं चाक धरायला सरळ लोखंडी चिमटा हवा. चाकं मोठी, स्पोक जास्त. डिस्क ब्रेक. फ्रेम सर्वांत मोठी. एवढं सगळं असलेली एक गाडी मिळाली, तिची मर्यादा एकशे पस्तीस होती. नरेशने ती रायपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून मागवायचं कबूल केलं, पण कपाळाला हात लावूनच. "भैया, आप नहीं लिये तो ये गाड़ी कौन लेगा? इतना बड़ा आदमी दुर्ग जिले में दूसरा नइ हे."

प्रेमानंदने विचारलं, "एकशे पस्तीसमधी सायकलचं वजन धरून का सोडून?"

क्रेनवाला हेच विचारणार. हुकाखाली जी साखळी असते तिचंही वजन मोजायचं असतं. नरेशने रायपूरला फोन लावला. तिकडच्या माणसाने हा प्रश्न जन्मात ऐकला नव्हता. त्याने पुढे कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: फक्त माणूस. सायकल स्वतःचं स्वतः बघते.

आठवड्याने सायकल आली. काळी, उंच, रेड्यासारखी. प्रेमानंदने तिच्याभोवती एक फेरी मारली, स्टिकर वाचला, आणि म्हणाला, "लोड टेस्ट करा लागंन."

आता हे सांगायला हवं. क्रेन नवी असो की दुरुस्त होऊन आलेली, तिच्यावर जेवढं लिहिलंय त्याच्या सव्वापट वजन तिला एकदा उचलायला लावतात. वजन जमिनीपासून थोडं वर घेतात, तसंच दहा मिनिटं धरतात. दोर ताणला का, ब्रेक सरकला का, बघतात. पास झाली की मगच तिच्याखाली माणसं काम करतात. ही पद्धत उत्तम आहे. तिने किती जीव वाचवले याची मोजदाद नाही. सायकलला ती लावावी असं आजवर कोणाला सुचलं नव्हतं, हे तितकंच खरं.

"तुमी माणूस हाय का लॅडल?" सत्यशीलाने गॅलरीतून विचारलं.

"टेस्टशिवाय मी कशावर बसलो कधी?"

"लग्नात घोड्यावर बसले होते."

"तो घोडा बसला होता," प्रेमानंद शांतपणे म्हणाला, आणि ते खरं होतं.

रविवारी सकाळी क्वार्टरांसमोरच्या मैदानात टेस्ट झाली. एकशे पस्तीसचे सव्वापट म्हणजे जवळपास एकशे सत्तर. पंचवीस किलोचे तांदळाचे सात कट्टे चार घरांतून गोळा झाले, एक आमचा. छत्तीसगडात सोनं एकवेळ घरात नसेल, तांदूळ असतो. प्रेमानंदने स्वतः दोर बांधले. त्याच्या गाठी बघण्यासारख्या असतात. कट्टे घसरू नयेत म्हणून त्याने दोर मागच्या चाकाच्या स्पोकमधून ओवून घेतला, घट्ट आवळला, दोन्ही बाजूंना भार सारखा केला. दोघांनी सायकल उभी धरली. टायर जमिनीला जिथे टेकला तिथे त्याने खडूने खूण केली, आणि हात मागे बांधून उभा राहिला.

दहा मिनिटं सगळे टायरकडे बघत राहिले. मैदानात क्रिकेट खेळणारी पोरंसुद्धा थांबली. मला उगाच वाटत राहिलं की आता काहीतरी कडाड होईल. झालं नाही. प्रेमानंदने वाकून खूण पाहिली, फ्रेमवरून बोट फिरवलं, जोडांना कान लावला.

"पास," तो म्हणाला. फ्रेमवर त्याने खडूने तारीख लिहिली. त्या दिवशी दुपारी त्याने दोन पोळ्या खाल्ल्या, आणि सत्यशीलाने आमच्याकडे वाटीभर खीर पाठवली. त्यातला तांदूळ आमच्या कट्ट्यातला होता.

मग शिकणं सुरू झालं. एकशे अठ्ठावीस किलोच्या माणसाला सायकल शिकवताना मागून धरायचं नसतं. पडला तर धरणारा खाली येतो. करिष्माने सीट पार खाली केली आणि त्याला पायांनी जमीन ढकलत सायकल पुढे न्यायला लावली. पहाटे अंधारातच जायचा, लोक बघतात म्हणून. दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा समोरच्या ब्लॉकमधल्या दोन घरांचे दिवे लागले. पण एके सकाळी पाय वर राहिले. मैदानाला त्याने एक अख्खी चक्कर मारली आणि आमच्यासमोरून जाताना तो अत्यंत घाबरलेल्या चेहऱ्याने हसला.

महिना होत आला तेव्हा नरेशचा फोन आला, गाडी आणा, पहिल्या सर्व्हिसिंगला स्पोक कसावे लागतात. प्रेमानंद म्हणाला, चालवतच नेतो. आमच्या वसाहतीच्या सेक्टरातून सुपेल्याला जायचं म्हणजे रेल्वेवरचा ओव्हरब्रिज चढून उतरावा लागतो. मी स्कूटर काढली, मागे करिष्मा. आम्ही त्याच्या मागे राहिलो.

चढ त्याने खालच्या गिअरवर, कुठेही न उतरता चढला. वर पोचल्यावर श्वास फुलला होता, पण मोडला नव्हता. त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. पाय जमिनीला न लावताच तो उताराला लागला.

थोडं खाली गेल्यावर मला टिंग असा आवाज आला. वाटलं, खडा उडाला. मग दुसरा. प्रेमानंदची पाठ ताठ झाली.

तिसऱ्या आवाजाला मागचं चाक डुलायला लागलं. आता ते मलाही दिसत होतं. टायर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फ्रेमला घासत होता. आमच्या मागे लोखंडाच्या कॉइल लादलेला ट्रेलर होता आणि तो हॉर्न देत होता. उजवीकडून बस. डावीकडे कठडा, कठड्याखाली रूळ. उतार अर्धा बाकी होता आणि सायकलचा वेग वाढत होता.

"पप्पा, ब्रेक," करिष्मा माझ्या कानाशी ओरडली. "ब्रेक मारो."

प्रेमानंदने डावा हात हँडलवरून क्षणभर उचलला आणि तळवा उघडा धरला. प्लांटमध्ये या खुणेचा अर्थ, सगळ्यांनी जागच्या जागी थांबा, मधे कोणी बोलू नका. करिष्मा गप्प झाली. ट्रेलरवाल्याला ती खूण कशी कळली देव जाणे. त्यानेही हॉर्न बंद केला आणि वेग कमी केला.

मला कळत होतं तो काय करतोय, आणि म्हणूनच मी स्कूटर पुढे घातली नाही. क्रेनच्या पोलादी दोराच्या तारा तुटताना नवा माणूस घाबरून ब्रेक दाबतो. भार झोका घेतो, आणि उरलेल्या ताराही जातात. अशा वेळी भार पडू द्यायचा नाही आणि रोखायचाही नाही. बोटाबोटाने खाली आणायचा. पण त्याने हे आजवर क्रेनच्या दांड्यांवर केलं होतं, आणि भार दुसरा कोणीतरी असायचा. इथे भार तो स्वतः होता.

तो सीटवरून किंचित उठला, वजन हातांवर आणि पेडलवर घेतलं. मागचा ब्रेक सोडूनच दिला. पुढचा, एक बोट. सोडला. पुन्हा एक बोट. सोडला. चौथा स्पोक तुटून डांबरावर वाजला आणि माझ्या स्कूटरखाली गेला. करिष्माने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की मला हँडल सांभाळणं कठीण झालं. टायर आता सतत घासत होता, जळक्या रबराचा वास येत होता. बस निघून गेली. एक बोट. सोडला. उतार संपता संपता सायकल माणूस चालतो त्या चालीवर आली, मग त्याहून हळू, आणि रस्त्याकडेच्या मातीत जाऊन टेकली. प्रेमानंदने दोन्ही पाय जमिनीवर ठेवले. बराच वेळ त्याने हँडल सोडलं नाही.

"लोड खाली आला," तो म्हणाला.

सायकल खांद्यावर घेऊन तो नरेशच्या दुकानात गेला. नरेशने चाक काढलं, उजेडात धरून फिरवलं, आणि त्याचा चेहरा बदलला. तुटलेले सगळे स्पोक एकाच भागातले होते, आणि उरलेल्यांपैकी काही मधोमध वाकलेले.

"इसमें क्या बांधे थे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"चावल," करिष्मा म्हणाली.

"कितना?"

"सात कट्टे."

नरेश स्टुलावर बसला. "स्पोक लंबाई में खिंचने के लिए होता है, भैया. उस पर रस्सी से वजन टांगोगे तो मुड़ेगा ही. मुड़ा हुआ स्पोक कितना दिन चलेगा? गाड़ी आपका वजन उठा लेती. आपका टेस्ट नहीं उठा पाई."

प्रेमानंदने चाकाकडे पाहिलं. आयुष्यभर त्याने जे नियम पाळले होते, त्यातल्याच एकाने त्याला ओव्हरब्रिजवर टांगलं होतं. त्याने सायकलवरून हात फिरवला, फ्रेमवरची खडूची तारीख अंगठ्याने पुसली.

"राहू द्या इथंच," तो म्हणाला. "टूल रूममधी पंखा हाय. काई वाईट जागा नाई ते."

परत येताना तो शेअर ऑटोत बसला. करिष्मा रडली. मी सत्यशीलाला सगळं सांगितलं, ओव्हरब्रिजचं थोडं कमी करून. तिने ऐकून घेतलं, भाजी चिरायची थांबवली आणि आतल्या खोलीत गेली. भिंत पातळ आहे. मी ऐकायला गेलो नव्हतो, ऐकू आलं.

"क्रेनचा दोर तुटला तर तुमी काय करता?"

पलंग करकरला.

"मी विचारून राहिली. दोर तुटला तर क्रेन विकता का?"

"दोर बदलतो."

"मंग कावून तोंड पाडून बसले? चाक बदला. आन् पुढच्या टेस्टले माहा तांदूळ भेटणार नाई."

नरेशने चाक नव्याने बांधलं, जाड स्पोक घालून. प्रेमानंद ते घेऊन आला तेव्हा मधले दहा-बारा दिवस वाया गेले होते आणि तपासणी समोर दिसत होती. त्यानंतर त्याने एक सकाळ सोडली नाही. जुनवानीपर्यंत जायचा, पुढे कोहक्यावरून यायचा. ओव्हरब्रिजच्या उतारावर पहिल्या दिवशी तो वर थांबला. मी स्कूटरवर मागे होतो. पाच मिनिटं तो खाली बघत उभा राहिला. मग उतरला, एक बोट, सोडला, एक बोट. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "भाऊ, तुमी नका येऊ आता. पेट्रोल जाते तुमचं." पेट्रोल हा मुद्दा नव्हता, मी मागे कण्हत असायचो ते त्याला ऐकू यायचं.

फेरतपासणीला सत्यशीला आणि मी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. आतून फक्त जिन्यावरची पावलं ऐकू येत होती. वर गेली. खाली आली. वर गेली. सत्यशीला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिसऱ्यांदा वर जाताना मधल्या पायरीवर पावलं थांबली. सत्यशीलाने डोळे मिटले. मग पावलं पुढे गेली. नंतर समजलं, वरून स्ट्रेचर उतरत होतं, त्याला वाट दिली.

ममता मॅडमनी वजन केलं. वजन फार उतरलं नव्हतं, आठ-नऊ किलो. त्यांनी काट्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली. दार उघडं होतं. आम्हाला त्यांचा पेन दिसत होता आणि तो लिहीत नव्हता.

"किती चालवता?"

"जुनवानी, कोहका, परत."

"रोज?"

"स्पोक तुटले तेव्हा नाई."

मॅडमनी पेन टेकवला. "केबिनला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांनी पुन्हा बघेन. सायकल सोडली तर मला जिन्यावर कळेल."

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते शिफ्ट इन्चार्ज सुजय वासनिकने सांगितलं, तो आमच्याच ब्लॉकमध्ये वर राहतो. प्रेमानंद पहिल्या शिफ्टला आला. कोणी काही बोललं नाही, पण शेडमधल्या प्रत्येकाने काहीतरी निमित्त काढून वर बघितलं. लोखंडी जिना तो मधे न थांबता चढला. केबिनचं दार लागलं. खाली लॅडल भरून तयार होती, तिच्या तोंडातून धग येत होती, सिग्नल देणारा हात वर करून उभा होता. पोलाद कोणासाठी थांबत नाही. थंड व्हायला लागलं की सगळी शिफ्ट वाया.

क्रेन हलेना.

सुजयने वॉकीटॉकीवर विचारलं, "खोब्रागडे, रेडी?"

उत्तर नाही. केबिनच्या काचेत प्रेमानंद उभा दिसत होता. तो बसत होता, पुन्हा उठत होता. सिग्नलवाल्याने हात खाली घेतला. सुजय म्हणतो, त्याच्या डोक्यात जिना आला, धाप आली, मॅडमची सही आली, आणि आपण या माणसाला वर का जाऊ दिलं हे आलं. तो जिन्याकडे धावला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वॉकीटॉकी खरखरला.

"सर."

"बोला, खोब्रागडे. काय होऊन राहिलं? श्वास लागला का?"

"श्वास बरोबर हाय. ब्रेक बरोबर हाय. दोर पाहून घेतला, बरोबर हाय." थोडी खरखर झाली. शेडमधले सगळे वर बघत होते. "महिनाभर रोज सायकल चालवली ना, सर. बसताच येऊन नाई राहिलं. खाली कोणाजवळ उशी असंन तर वर पाठवता का?"